जीपचं मागचं ऑइल सील पुन्हापुन्हा गळतंय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी डिपस्टिक मोजा

आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासूनची सीजे-थ्रीबी जीप आहे. पेट्रोल, हरिकेन इंजिन. चार वर्षांपूर्वी इंजिन पूर्ण खोलून बांधून घेतलं आणि तिथून आमचा त्रास सुरू झाला. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या क्लचच्या आवरणाच्या, बरोबर खाली बशीएवढा काळा डाग. महिन्या-दोन महिन्यांत क्लच सोडताना गाडी थरथरायची. मग उसाची मोळी घेऊन बांधावर चढायची वेळ आली की इंजिनचा आवाज वाढायचा आणि जीप जागेवरच. गिअरबॉक्स उतरवला की क्लच प्लेट तेलाने माखलेली. नवी प्लेट, इंजिनच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणारं नवं सील, पुन्हा जोडणी. चौदा महिन्यांत हे दोन वेळा झालं, आणि पुन्हा तेच सुरू झालं.

तिसऱ्या खेपेला गाडी कराडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आयुष्यभर सरकारी जीपा केलेल्या. गाडीखाली न जाताच त्यांनी विचारलं, "ऑइल किती घालता, दादा?"

मी म्हटलं, "डिपस्टिकवर फुलच्या खुणेला येईपर्यंत."

"खुणेचं नाही विचारत मी. लिटर किती?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी नेहमी पाच लिटरचा कॅन घ्यायचो, तो ओतायचो, डिपस्टिकची पट्टी काढून बघायचो, कमी दिसलं की दुसऱ्या कॅनमधून थोडं वाढवायचो. मिस्त्रींनी इंजिन गरम करायला लावलं, चेंबरचा, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचा, नट सोडला आणि सगळं ऑइल स्वच्छ पातेल्यात उतरवलं. फिल्टरचा डबाही रिकामा केला. मग दुधाच्या लिटरच्या मापाने एक-एक माप मोजत ते कॅनमध्ये भरलं. पाच मापं भरली आणि वर अर्ध्याहून थोडं जास्त उरलं. या इंजिनात फिल्टर धरून पावणेपाच लिटरच्या आसपास ऑइल लागतं. म्हणजे बरंचसं गळून गेल्यावरही जवळजवळ लिटरभर जादा होतं, आणि आमची डिपस्टिक तेव्हाही "थोडं कमी आहे" असंच सांगत होती.

दोष सीलचा नव्हता. डिपस्टिक दुसऱ्याच इंजिनाची होती.

ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल जीप आहे आणि सील-क्लचचं हेच चक्र सुरू आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. सील खरंच खराब असू शकतं, बेअरिंग ढिलं असू शकतं, सगळं खरं. पण गिअरबॉक्स उतरवायला दिवस जातो, आणि डिपस्टिक तपासायला एक सकाळ पुरते.

आधी या इंजिनाची रचना समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. आजच्या गाड्यांत ऑइल ओतायचं झाकण वेगळं असतं आणि डिपस्टिक वेगळी असते. विलीस या जीपच्या मूळ अमेरिकन कंपनीच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात तसं नाही. ब्लॉकच्या बाजूला एक जाड नळी उभी बसवलेली असते. ऑइल तिच्यातूनच ओततात, आणि त्या नळीच्या टोपीलाच खाली पट्टी जोडलेली असते. टोपी काढली की पट्टी बाहेर येते. त्यामुळे पट्टीवरची खूण चेंबरच्या तळापासून किती उंचीवर थांबणार हे तीन गोष्टी मिळून ठरवतात: टोपीच्या बैठकीपासून पट्टीची लांबी, नळीची उंची आणि नळी ब्लॉकमध्ये किती खोल बसली आहे ते. तिन्हींपैकी एक जरी बदललं तरी खूण खोटं बोलू लागते. पट्टी अस्सल असेल आणि नळी कोणीतरी नंतर बनवून बसवलेली असेल, तरी माप चुकणारच.

चूक कोणत्या दिशेला होते हेही पक्कं ध्यानात ठेवा, कारण बोलता बोलता लोक नेमकं उलटं सांगतात. पट्टी गरजेपेक्षा आखूड असेल तर तिची फुलची खूण खऱ्या पातळीच्या वर लटकते. ऑइल पुरेसं असूनही पट्टीला कमी लागतं, आपण वाढवत राहतो, आणि चेंबर गरजेपेक्षा जास्त भरतं. पट्टी गरजेपेक्षा लांब असेल तर खूण खाली बुडते, ऑइल कमी असतानाही फुल दिसतं, आणि आपण निर्धास्त राहतो. आखूड पट्टी सील आणि क्लच खाते. लांब पट्टी बेअरिंग खाते. दुसरी जास्त महाग पडते.

जादा ऑइलने नुकसान कसं होतं तेही सांगतो. या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, लांब आहे, ४ ३/८ इंच, म्हणजे १११ मिमी. क्रँकपिन मध्यापासून साडेपंचावन्न मिमी खाली येते आणि कनेक्टिंग रॉडचं मोठं टोक त्याहूनही खाली फिरतं. पातळी योग्य असेल तर ते ऑइलच्या वरून फिरतं. पातळी चढली की प्रत्येक फेऱ्यात ऑइल घुसळलं जातं. ताक घुसळताना रवी वर आली की जसा फेस चढतो, तसाच फेस चेंबरमध्ये चढतो. फेसाळलेलं ऑइल पंप नीट ओढू शकत नाही, त्यामुळे ऑइल भरपूर असूनही ऑइल प्रेशरच्या गेजचा काटा डगमगतो. उडालेलं ऑइल मागच्या मेन बेअरिंगकडे जातं. जुन्या इंजिनांत तिथे सील म्हणून दोरीचं पॅकिंग असतं. ते थोडं ऑइल अडवण्यासाठी असतं, सतत येणारा लोंढा त्याला अडवता येत नाही. तिथून ऑइल बेल हाउसिंगमध्ये, आणि तिथून क्लच प्लेटवर. आमच्याकडे नेमकं हेच घडत होतं. तिन्ही सीलं चांगलीच होती. त्यांना झेपणार नाही एवढं ऑइल आम्हीच पाजत होतो.

कमी ऑइलची गोष्ट वेगळी आहे. या इंजिनाच्या ऑइल पंपाचं गाळणं चेंबरच्या तळाशी घट्ट बसवलेलं नसतं. ते ऑइलवर तरंगतं, म्हणजे तळाचा गाळ न ओढता वरचं तुलनेनं स्वच्छ ऑइल ओढतं. रचना उत्तम आहे. पण पातळी फार उतरली की तरंगणारं गाळणंही खाली जातं, आणि घाटात वळणावर किंवा तीव्र उतारावर सगळं ऑइल एका बाजूला सरकलं की त्याच्या तोंडाशी हवा येते. वळण संपेपर्यंत गेज पडतो आणि सरळ रस्त्यावर पुन्हा चढतो, असं दिसत असेल तर ऑइल पंप खोलण्याआधी चेंबरमध्ये खरंच किती ऑइल आहे ते मापाने मोजा.

आता आपली डिपस्टिक योग्य आहे का, हे कसं ओळखायचं?

सुरुवात इंजिनापासून करा, कारण बॉनेटवर काय लिहिलंय त्यावर विसंबता येत नाही. विलीसच्या या चार सिलिंडरच्या इंजिनाची दोन रूपं आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या एमबी जीपमध्ये आणि नंतरच्या सुरुवातीच्या नागरी जीपांमध्ये गो-डेव्हिल होतं. त्याच्या सगळ्या व्हॉल्व्ह ब्लॉकच्या बाजूला, वर सपाट हेड, हेडवर नुसते स्पार्क प्लग, आणि कार्बोरेटर बाजूच्या मॅनिफोल्डवर. नंतर आलं हरिकेन. त्यात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेल्या, एक्झॉस्ट खालीच राहिल्या. त्यामुळे हेड उंच झालं, त्यावर रॉकर कव्हर आलं आणि कार्बोरेटर वर हेडवर बसला. दोन्ही २,१९९ सीसीची, बोअर-स्ट्रोक सारखेच. सीजे-थ्रीबीचं बॉनेट इतर जुन्या जीपांपेक्षा उंच दिसतं ते याच उंच इंजिनासाठी. अमेरिकेत ही गाडी १९५३ पासून १९६८ पर्यंत बनली. आपल्याकडे महिंद्राने १९४०च्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला विलीस जीपची जुळणी सुरू केली, आणि थ्रीबीच्या घडणीच्या गाड्या अमेरिकेतलं उत्पादन बंद झाल्यावरही आपल्याकडे बनत राहिल्या.

म्हणजे दोन इंजिनांचा खालचा भाग सख्ख्या भावांसारखा आणि वरचा वेगळा. भंगारात दोन्हींच्या टोप्या एकाच डब्यात पडलेल्या असतात. शिवाय आपल्याकडे डिझेलची भर. पेट्रोल महाग पडू लागल्यावर कित्येक जीपांत महिंद्राचं इंटरनॅशनल ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन आलं, नंतर प्यूजोचं आलं. आता हौशी मंडळी उलट वाटेने जुनं पेट्रोल इंजिन शोधून परत बसवतात. या अदलाबदलीत टोपी, पट्टी, नळी, ब्रॅकेट हे बारीक सामान सगळ्यात आधी हरवतं. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी गेलात तर "जीपची डिपस्टिक" म्हणून हातात काहीही येतं. विकणारा फसवतोच असं नाही. त्याच्या दृष्टीने ती जीपचीच असते. कोणत्या इंजिनाची, हे विचारणारा त्याला क्वचित भेटतो.

म्हणून इंजिन ओळखलं की नळीकडे वळा. नळी हाताने धरून हलवून बघा. ती ब्लॉकमध्ये घट्ट बसलेली हवी आणि वर तिला आधाराचं ब्रॅकेट हवं. आमच्या जीपचं ब्रॅकेट गायब होतं आणि नळी हाताने गोल फिरत होती. ढिली नळी वर सरकली की पट्टीही तेवढीच वर जाते. मग नळीच्या तोंडाकडे पाहा. मूळ नळीचं तोंड गोल आणि एकसारखं असतं. कानस मारल्याच्या खुणा, वेल्डिंगचा सांधा किंवा वेगळ्या जाडीचा जोड दिसला तर नळी कोणीतरी कापली किंवा वाढवली आहे. तशा नळीला बाजारातली कोणतीच पट्टी बरोबर येणार नाही. तिच्यासाठी खूण स्वतःच पाडावी लागेल.

टोपीसुद्धा बघण्यासारखी आहे. काही नळ्यांना बाजूला एक छोटी तोटी असते आणि तिथून रबरी पाइप एअर क्लीनरकडे जातो. इंजिनच्या पोटात जाणारी हवा गाळून जावी म्हणून ही सोय. अशा नळीवर टोपी घट्ट, पॅकिंगसह बसायला हवी. ढिली किंवा भोकाची टोपी बसवलीत तर शेतातली सगळी धूळ न गाळता आत ओढली जाते. आणि टोपीचं पॅकिंग जाड-पातळ झालं की पट्टी तेवढी वर-खाली होते हे विसरू नका. आमच्या टोपीत कोणीतरी ट्यूबचं रबर कापून दोन पदरी घातलं होतं. तेवढ्यानेही खूण वर गेली होती.

आता खरी परीक्षा, मापाची. इथे आणखी एक सापळा आहे. विलीसच्या पुस्तकात चेंबरसाठी ४ क्वार्ट आणि फिल्टर असेल तर आणखी १ क्वार्ट असं दिलेलं असतं. हे अमेरिकन क्वार्ट आहे, ०.९४६ लिटरचं. म्हणजे चेंबरसाठी ३.८ लिटर आणि फिल्टर धरून ४.७ लिटर. आपल्या जुन्या मिस्त्रींच्या डोक्यात गॅलन म्हणजे ब्रिटिश गॅलन, साडेचार लिटरचा, आणि त्याचा पाव म्हणजे क्वार्ट. तो १.१४ लिटर भरतो. त्या हिशोबाने ४ क्वार्ट म्हणजे साडेचार लिटर. एकाच शब्दाच्या दोन मापांत पाऊण लिटरचा फरक पडतो. तेव्हा क्वार्ट आणि गॅलन बाजूला ठेवा, लिटरच वापरा, आणि कॅनवरच्या रेषांवर न विसंबता मापाने मोजा.

जीप सपाट जागेवर उभी करा. दिसायला सपाट नको, पाणसळ लावून बघा. सिमेंटची ओसरी किंवा पेट्रोल पंपाची फरशी चांगली. आणि एक गोष्ट सहसा कोणी बघत नाही: पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या. जुन्या जीपचे पाटे बसलेले असतात आणि दोन्ही बाजू सारख्या बसत नाहीत. आमची जीप ड्रायव्हरच्या बाजूला चांगली झुकलेली होती. जमीन सपाट असली तरी इंजिन तिरकं, आणि ऑइलची नळी इंजिनच्या एका कडेला असल्यामुळे पातळी तिथे वेगळीच दिसते. पाणसळ जमिनीवर लावा, आणि मग पुढच्या बंपरवरही लावा. फरक असेल तर खालच्या बाजूच्या चाकांखाली फळी घालून गाडी समपातळीत आणा.

इंजिन चांगलं गरम करून ऑइल काढा. नट काढल्यावर अर्धा तास ठिबकू द्या, घाई नको. फिल्टरचा डबा रिकामा करून नवं एलिमेंट घाला. नट वॉशरसह घट्ट करा. मग मोजून २.८ लिटर ऑइल ओता. पंधरा-वीस मिनिटं थांबा, म्हणजे नळीच्या आतून ओघळणारं सगळं खाली जाईल. पट्टी पुसून कोरडी करा, सरळ आत घाला, टोपी पूर्ण बसवा, काढा. ओली रेघ कुठे येते ते बघा. नवं ऑइल फिकट असतं आणि पट्टीवर ते दिसत नाही. यासाठी मिस्त्रींनी शिकवलेली युक्ती छान आहे: पट्टीवर पांढरा खडू घासा. ऑइल लागलेला खडू लगेच गडद होतो आणि रेघ स्वच्छ उमटते. ही रेघ म्हणजे तुमची खालची खूण. यापेक्षा ऑइल कमी होऊ द्यायचं नाही.

आता उरलेलं १ लिटर ओता. पुन्हा थांबा, पुन्हा खडू, पुन्हा पट्टी. ही रेघ म्हणजे चेंबरमध्ये ३.८ लिटर आहे, हीच खरी फुलची खूण. पट्टीवर कारखान्याची खूण असेल तर ती इथेच यायला हवी. थोडंसं इकडेतिकडे चालेल. बोटभर फरक असेल तर ती पट्टी तुमच्या गाडीची नाही. आमच्या पट्टीची खूण या रेघेच्या चांगली बोटभर वर होती.

इंजिन सुरू करून पाच मिनिटं चालू द्या. फिल्टरचा डबा भरेल आणि चेंबरची पातळी तेवढी उतरेल. बंद करून पुन्हा पंधरा मिनिटं थांबा, आणि फिल्टरच्या वाट्याचं साधारण ०.९५ लिटर घाला. पातळी पुन्हा फुलच्या रेघेला आली की मोजणी जुळली. जुळली नाही तर कुठेतरी चूक आहे: फिल्टरचा डबा लहान-मोठा बदललेला असेल, किंवा जुनं ऑइल पूर्ण निघालं नसेल. ज्या गाड्यांना फिल्टरच नाही त्यांनी ही पायरी सोडून द्यावी. फिल्टर बसवताना त्याचे पाइपही बघून घ्या. या इंजिनांवर फिल्टर बायपास प्रकारचा असतो, सगळं ऑइल त्यातून जात नाही, थोडं थोडं जाऊन परत चेंबरमध्ये येतं. पाइप तुंबलेला असेल तर डबा भरणारच नाही, आणि तुमची मोजणी चुकेल.

सकाळच्या मोजणीनंतर तुमच्याकडे दोन खऱ्या रेघा असतील. आता दोन वाटा आहेत. पट्टी बाकी ठीक असेल, वाकलेली नसेल, टोपी नीट बसत असेल, तर त्याच पट्टीवर नव्या खुणा पाडा. तिकोनी कानशीने पट्टीच्या कडेला बारीक खाच पुरते. पंच मारून खड्डे पाडू नका, पट्टी वाकते आणि तिथून एके दिवशी तुटू शकते. तुटलेला तुकडा चेंबरमध्ये पडला तर चेंबर खोलावंच लागतं. जुन्या चुकीच्या खुणा मात्र कानशीने पुसून टाका, म्हणजे पुढचा माणूस त्या वाचणार नाही. आम्ही हेच केलं. दुसरी वाट म्हणजे योग्य पट्टी विकत घेणं. त्यासाठी टोपीच्या बैठकीपासून, म्हणजे जिथे टोपी नळीच्या तोंडावर टेकते तिथपासून, फुलच्या रेघेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून ते कागदावर लिहून बाजारात न्या. दुकानदाराला "थ्रीबीची द्या" एवढंच सांगू नका. समोर ठेवलेल्या पट्टीवर तेवढंच अंतर मोजून बघा. पट्टीच्या पूर्ण लांबीला इथे फारसा अर्थ नाही, कारण खुणेच्या खाली पट्टी किती लोंबते ते प्रत्येक बनावटीत वेगळं असतं. नळीच्या तोंडाचा व्यासही सोबत न्या. टोपी बसलीच नाही तर लांबी जुळून उपयोग नाही.

शक्य असेल तर तुमच्या इंजिनासारखंच मूळ इंजिन असलेली दुसरी जीप शोधा. आमच्या तालुक्यात तीन निघाल्या. एकीची नळी आणि टोपी कधीच बदललेली नव्हती, आणि तिच्या पट्टीवरचं अंतर आमच्या मापलेल्या रेघेशी जवळपास तंतोतंत जुळलं. त्या मालकांनी टोपी काढून हातात दिली, पट्टी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा मनातली शेवटची शंका गेली.

काही वेळा मात्र पट्टीचा दोष नसतो, आणि तेही सांगायला हवं. ऑइल घातलेलं नसताना पातळी आपोआप वाढत असेल तर ताबडतोब गाडी थांबवा. या इंजिनाचा पेट्रोल पंप ब्लॉकवर असतो आणि कॅमशाफ्टवर चालतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. पट्टी काढून वास घ्या. पेट्रोल असेल तर नाकाला कळतंच. तरी शंका असेल तर पट्टीवरचा थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर टाकून बाजूला ठेवा. नुसतं ऑइल हळूहळू पसरतं, पेट्रोल मिसळलेलं लगेच पसरतं आणि डागाभोवती फिकट कडा उमटते. पातळ झालेलं ऑइल सीलमधून सहज बाहेर येतं आणि बेअरिंगलाही धोका. मग पंपाचा पडदा आणि ऑइल दोन्ही बदला. पट्टीवर कॉफीसारखा फेसकट पांढरटपणा दिसला तर पाणी गेलेलं आहे, हेड गॅसकेट बघा. थंडीत रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या टोपीखाली थोडी पांढरी साय जमते. टोपीपुरतीच असेल तर घाबरू नका, पट्टीच्या टोकाला असेल तर घाबरा.

ऑइल कोणतं, हेही लोक विचारतात. विलीसच्या जुन्या पुस्तकात गोठणबिंदूच्या वरच्या हवामानाला एसएई ३० सांगितलं आहे. आम्ही साधं मिनरल २०डब्ल्यू-४० वापरतो. सीलच्या गळतीवर उपाय म्हणून फार जाड ऑइल घालू नका. त्याने गळती थोडी कमी दिसते, मूळ कारण तसंच राहतं.

आमच्या जीपमध्ये तिसऱ्या वेळी सील बदलायचं ठरलं होतं, ते मिस्त्रींनी थांबवलं. क्लच प्लेट आधीच गेली होती, ती बदलली, नळीला ब्रॅकेट बनवून बसवलं, टोपीत एकपदरी नवं पॅकिंग घातलं, पट्टीवर नव्या खाचा पाडल्या, आणि मोजून ४.७ लिटर ऑइल घातलं. त्याला आता दोन ऊसतोडीचे हंगाम झाले. बेल हाउसिंगखाली अजूनही रुपयाएवढा डाग पडतो. दोरीचं पॅकिंग आहे, तेवढं चालायचंच. क्लच थरथरत नाही, चढाला गाडी ओढते, आणि गेजचा काटा वळणावर हलत नाही.

टोपीपासून फुलच्या रेघेपर्यंतचं अंतर आणि लिटरचा आकडा आम्ही पांढऱ्या ऑइलपेंटने बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलाय. गाडी कोणाच्याही हातात गेली तरी बॉनेट उघडलं की तो समोर दिसतो.